हँडल, किल्ली आणि श्वास

मोटार चालवणे त्या मानाने सोपे, पण ती सुरू करणे महाकठीण, असा एक काळ होता. गाडीच्या नाकात लोखंडी हँडल खुपसायचे, पाय रोवून वाकायचे आणि सगळा जोर लावून इंजिन फिरवायचे. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत सकाळच्या वेळी ट्रकचा क्लीनर असे हँडल मारताना माझ्या वयाच्या पुष्कळांनी पाहिला असेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तर अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलच्या मोटारींना दुसरा उपायच नव्हता. बँकेचा अध्यक्ष असो की डॉक्टर, हँडलपुढे सगळ्यांना वाकावे लागे.

बरे, नुसता जोर असून भागत नसे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हे पाहायचे. ठिणगी उशिरा पडेल अशा बेताने स्टिअरिंगजवळची दांडी सरकवून ठेवायची. हँडल धरताना अंगठा त्याला विळखा घालून न ठेवता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. यातले एखादे विसरले, की इंजिन उलटे उसळे आणि हँडल माणसाच्या मनगटावर फटका मारी. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडण्याला डॉक्टरी भाषेत आजही शोफरचे फ्रॅक्चर म्हणतात. तो शब्द त्या हँडलची आठवण आहे.

हे हँडल ज्याने मोटारीच्या नाकातून कायमचे काढायला लावले, त्या माणसाची ही गोष्ट. चार्ल्स केटरिंग हे त्याचे नाव. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कर्करोगाच्या संस्थेचे नाव आपल्याकडच्या अनेक घरांत दुर्दैवाने माहीत असते. त्यातला दुसरा शब्द म्हणजे हा माणूस. तो मोटारींचा इंजिनिअर होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलगा हुशार, पण डोळे लहानपणापासून अधू. थोडे वाचले की डोके भणभणायचे. त्याने काही काळ खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली, मग कॉलेजात नाव घातले, आणि डोळ्यांनीच दगा दिल्यामुळे शिक्षण सोडावे लागले. मधल्या काळात तो टेलिफोनचे खांब रोवण्याच्या आणि तारा ओढण्याच्या कामावर गेला. उघड्या हवेतल्या त्या कामाने प्रकृती सुधारली आणि विजेशी हातांची ओळख झाली. पुन्हा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जाऊन १९०४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो इंजिनिअर झाला. बरोबरीची मुले एव्हाना नोकरीत स्थिरावली होती.

त्याला नोकरी मिळाली ती डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. आता या कॅश रजिस्टरची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. डेटनमध्येच जेम्स रिटी नावाचा एक गुत्तेवाला होता. त्याच्या दारूच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असे, पण गल्ल्यात पैसा दिसत नसे, कारण नोकर हात मारीत. एकदा बोटीने जाताना त्याने पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले आणि त्याच्या मनात आले, की फेरे मोजता येतात तर पैसे का नाहीत? १८७९ मध्ये त्याने भावाच्या मदतीने बनवलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १८८४ मध्ये जॉन पॅटरसनने तो धंदा विकत घेतला आणि नावारूपाला आणला. म्हणजे माणसाच्या मोहाला आळा घालणारे हे यंत्र जन्माला आले ते दारूच्या दुकानात. पुढच्या कथेच्या दृष्टीने हा योगायोग लक्षात ठेवावा असा आहे.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली, त्यामुळे या यंत्रामागचा विचार मला परका वाटत नाही. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. आमच्या भाषेत याला जॉइंट कस्टडी म्हणत. एकट्याने तिजोरी उघडतच नाही, मग तो कितीही सज्जन असो. बाहेरच्या माणसाला हा अविश्वास वाटतो. आत काम केलेल्याला ठाऊक असते, की ही व्यवस्था चोराला पकडण्यापेक्षा प्रामाणिक माणसाला सांभाळण्यासाठीच अधिक आहे. दुसरी किल्ली दुसऱ्याकडे असली, की मोहाचा क्षण येतो आणि निघून जातो.

केटरिंगने त्या कंपनीत दोन महत्त्वाची कामे केली. एक म्हणजे उधारीच्या गिऱ्हाइकासाठी टेलिफोनवरून मंजुरी देणारी यंत्रणा. दुकानातल्या नोकराने विचारायचे, दूर बसलेल्या हिशेबनिसाने गिऱ्हाइकाचे खाते पाहायचे आणि तिथूनच यंत्राने चिठ्ठीवर संमतीचा शिक्का उमटवायचा. शिक्का नाही तर उधारी नाही. दुसरे काम म्हणजे कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवणे. अडचण अशी, की यंत्राचा गल्ला झटक्यात उघडायला जोर लागे, आणि तेवढ्या जोराची मोटर यंत्रापेक्षा अवजड होई. केटरिंगने साधा विचार केला. मोटरला दिवसभर थोडेच राबायचे आहे? तिला काही क्षण जोर लावायचा आणि मग स्वस्थ बसायचे आहे. तेवढ्या अवधीत छोट्या मोटरवर तिच्या ताकदीपलीकडचा भार टाकला तरी ती जळत नाही.

हा छोटासा विचार पुढे जगभरच्या रस्त्यांवर धावला.

कंपनीतलाच एडवर्ड डीड्स हा त्याचा मित्र. डीड्सच्या घरामागे एक कोठार होते. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी केटरिंग आणि त्याचे चार सहकारी तिथे जमत आणि मोटारीच्या विजेच्या भागांवर खटपट करीत. १९०५ मध्ये ऑलिव्ह विल्यम्सशी त्याचे लग्न झाले होते. संसार नवा, तरी १९०९ मध्ये त्याने बांधलेली नोकरी सोडली. त्या वर्षी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी उभी राहिली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच डेल्को हे नाव रूढ झाले. कॅडिलॅक मोटारींसाठी तिने सुधारलेली ठिणगीची व्यवस्था पुरवली आणि तिथून कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड यांच्याशी संबंध जुळला.

लीलंड यांच्या मनाला हँडलचा काटा टोचत होता. बंद पडलेली मोटार हँडलने सुरू करून देताना त्यांचा मोटारव्यवसायातला स्नेही बायरन कार्टर जखमी झाला आणि त्यातच दगावला, अशी हकीकत मोटारींच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. पुन्हा कॅडिलॅकमुळे कुणाचा जीव जाऊ नये, या हट्टाने लीलंड यांनी हे काम केटरिंगकडे दिले. जाणत्यांचे मत असे होते, की इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान विजेची मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंगला मात्र कॅश रजिस्टर आठवले. इथेही काही सेकंदांचेच काम होते. इंजिन सुरू झाले की तीच मोटर उलट वीज निर्माण करील, बॅटरी भरील आणि दिवेही पेटतील, अशी त्याने योजना केली. १९११ च्या फेब्रुवारीत ही यंत्रणा कॅडिलॅक गाडीत बसवून दाखवण्यात आली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या बिनहँडलच्या सुरू होऊ लागल्या. पुढे इतरांनाही तोच मार्ग धरावा लागला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१९ मध्ये स्टार्टर मिळाला. १९४९ मध्ये क्रायस्लरने किल्ली फिरवताच इंजिन सुरू होईल अशी सोय केली आणि आपल्या ओळखीची मोटार पूर्ण झाली.

हा माणसाच्या हातावरचा केवढा उपकार होता! मनगटे वाचली, जीव वाचले. ज्यांच्या अंगात हँडल फिरवण्याची ताकद नव्हती, अशा असंख्य बायकांना आणि वृद्धांना मोटार स्वतः चालवता येऊ लागली. यातले काहीही कमी लेखण्याचे कारण नाही.

पण हँडलबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. हँडल रोज माणसाची एक परीक्षा घेत असे. हात स्थिर आहेत का, डोके ठिकाणावर आहे का, कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर याचे भान आहे का? पिऊन तर्र झालेल्याला ते हँडल सहजासहजी दाद देत नसावे. ही परीक्षा आंधळी होती, हे खरेच. ती शुद्धीवरच्या माणसाचेही हाड मोडी, आणि पिऊन मोटार चालवणारे त्या काळीही होतेच. न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्येच त्याविरुद्ध कायदा केला होता. त्याही आधी, सप्टेंबर १८९७ मध्ये, लंडनमध्ये पिऊन मोटार चालवल्याबद्दल एका टॅक्सीवाल्याला शिक्षा झाली होती. गंमत म्हणजे त्याची टॅक्सी विजेवर चालणारी होती. तिला हँडल मारावे लागतच नव्हते.

केटरिंगचे पुढचे आयुष्य यशाचे आहे. १९१६ मध्ये डेल्को विकली गेली आणि ती यथावकाश जनरल मोटर्सच्या पोटात आली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग त्या प्रचंड कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. त्याच्या नावावर १८६ पेटंटे होती. लवकर वाळणारा मोटारीचा रंग, रेल्वेची डिझेल इंजिने, घरगुती फ्रिजमधला वायू अशा कितीतरी गोष्टी त्याच्या देखरेखीखाली तयार झाल्या. अपयशही वाट्याला आले. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे तांब्याच्या पंखांचे इंजिन १९२३ मध्ये साफ फसले आणि विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. त्याची खरी ओळख म्हणजे अडथळा दिसला, की तो दूर करायचा. माणसाच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलून फेकायचा.

याच स्वभावाची दुसरी बाजू शिशाच्या पेट्रोलमध्ये दिसते. इंजिनात पेट्रोल अवेळी भडकून ठकठक आवाज येई आणि शक्ती वाया जाई. केटरिंगच्या हाताखालच्या टॉमस मिजलीने अनेक पदार्थ तपासले. मद्यार्क मिसळला तरी ही ठकठक थांबते, हे त्यांना माहीत होते. परंतु डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. ते चिमूटभर पुरे आणि त्याचे पेटंटही घेता येत होते. १९२३ मध्ये डेटनच्या पंपावर ते पेट्रोल विकायला आले, आणि इथिल असे गोड नाव घेऊन आले. त्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ मध्ये निघालेल्या इथिल कंपनीचा अध्यक्ष होता केटरिंग. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथे हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ च्या मे महिन्यात सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनी परिषद बोलावली, विक्री थांबली, आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. आधी विका, मग दोष सिद्ध झाला तर पाहू, या बाजूने केटरिंग उभा राहिला. त्याची किंमत जगाने काही पिढ्या भरली. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

मला या माणसाला खलनायक ठरवायचे नाही. आल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर १९४५ मध्ये त्याने कर्करोगावर संशोधन करणारी संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह त्याच आजाराने गेली. नोव्हेंबर १९५८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, डेटनमध्ये त्याने देह ठेवला. कर्तबगार, हसतमुख आणि दानशूर माणूस होता तो. पण वाटेतला प्रत्येक अडथळा हा शत्रूच असतो, असे तो आयुष्यभर समजत आला. काही अडथळे कुंपणासारखे असतात आणि ते काढण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो, हे त्याच्या हिशेबात कधी बसले नसावे.

त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी अमेरिकेत एक उलटा विचार सुरू झाला. केटरिंगने गाडी सुरू करणे सोपे केले, तर काही माणसांसाठी काही वेळा ते पुन्हा अवघड का करू नये? त्यातून श्वासाचे कुलूप आले. चालकाच्या हाताशी टेलिफोनच्या रिसीव्हरएवढे एक यंत्र असते. त्यात फुंकायचे. आत एक छोटा फ्युएल सेल असतो. श्वासात मद्यार्क असेल तर त्यावर रासायनिक क्रिया होऊन बारीकसा विद्युत्प्रवाह निर्माण होतो. मद्यार्क जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. ठरलेल्या मर्यादेपलीकडे आकडा गेला, की स्टार्टरकडे जाणारा विजेचा मार्ग तुटलेलाच राहतो. किल्ली कितीही फिरवा, केटरिंगची मोटर हलत नाही. दुसऱ्याकडून फुंकून घेऊ नये म्हणून गाडी चालू असतानाही मधूनमधून पुन्हा फुंकावे लागते. तेव्हा नापास झाले तरी चालते इंजिन मात्र बंद पाडले जात नाही, कारण भर रस्त्यात ते अधिक धोक्याचे. गाडी भोंगा वाजवते किंवा दिवे उघडझाप करते, आणि सगळी नोंद यंत्रात राहते.

कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये याचा पहिला कायदा केला. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदाच सापडलेल्यांनाही हे कुलूप सक्तीचे करणारे पहिले राज्य न्यू मेक्सिको, वर्ष २००५. आता अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपाचा असा कायदा आहे. कुलूप गाडीत असेपर्यंत पुन्हा तोच गुन्हा घडण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटते, असे तिथले आरोग्य खाते सांगते. कुलूप काढले की परिणाम ओसरतो, हेही तितकेच खरे. म्हणजे हे औषध नव्हे, कुबडी आहे. व्यसनाचा इलाज वेगळाच करावा लागतो. पण कुबडीने माणूस पडायचा वाचतो, आणि समोरून येणाराही वाचतो. अमेरिकेत दारूच्या नशेतल्या चालकांमुळे होणाऱ्या अपघातांत आजही वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, हे पाहिले म्हणजे कुबडीचे मोल कळते.

मग ती सगळ्यांच्याच गाडीत का नको? इथे इतिहास सावध करतो. १९७४ सालच्या नव्या गाड्यांत अमेरिकेने पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही अशी सक्ती केली होती. शेजारच्या आसनावर भाजीची पिशवी ठेवली, तरी गाडी तिला माणूस समजून अडून बसे. लोक इतके संतापले, की त्याच वर्षी संसदेला कायदा करून ती सक्ती मोडावी लागली. निरपराध माणसाला रोज सतावणारे कुलूप टिकत नाही. म्हणून आता पावले जपून पडत आहेत. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असे कुलूप सहज जोडता येईल अशी सोय ठेवणे बंधनकारक झाले आहे. कुलूप सगळ्यांना नाही, पण त्याची जागा सगळ्यांच्या गाडीत. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. ज्याने एकदा विश्वास गमावला त्याला, आणि जो शाळेची बस किंवा प्रवासी गाडी चालवतो त्याला, हे कुलूप असावे. बाकीच्यांचे प्रकरण तूर्त त्यांच्या विवेकावर सोडावे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असेल तर गुन्हा मानते. २०१९ मधल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण पोलिसाचे यंत्र चालकाच्या तोंडासमोर येते ते नाक्यावर, म्हणजे गाडी रस्त्यावर आल्यानंतर. तोपर्यंत वाटेत काय व्हायचे ते होऊन गेलेले असू शकते.

त्याच्या आधीचा पहारा आपण घरातल्यांवर सोपवला आहे. लग्नाचे जेवण उरकते, रात्र झालेली असते, आणि काका मोटारीकडे निघतात. ते प्यालेले आहेत हे सगळ्यांना दिसते. किल्ली मागायची कुणी? काकू मागतील तर चारचौघांत त्यांचा अपमान होईल. मुलगा मागेल तर उद्धट ठरेल. धाकटा भाऊ थोरल्यापुढे बोलत नाही. आपल्या नात्यागोत्यांच्या पद्धतीत किल्ली मागण्याचे काम नेमके त्याच्याकडे येते, ज्याला ते मागण्याचा अधिकार नाही. यंत्राला नाते नसते. ते थोरल्याला अहोजाहो करीत नाही आणि धाकट्याला दटावीत नाही. फुंका म्हणते, आकडा पाहते आणि गप्प बसते. किल्ली न देणारे हे यंत्र बँकेच्या तिजोरीसारखेच काकांना चोर ठरवीत नाही. दुसरी किल्ली तेवढी ते स्वतःजवळ ठेवते, आणि काकूंच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

केटरिंगच्या सगळ्या करामतीचे मर्म एवढेच होते, की इंजिन सुरू करायला काही सेकंदांचाच जोर पुरतो. पुढचा सगळा प्रवास त्या सेकंदांवर उभा असतो. श्वासाचे कुलूपही नेमके तेवढ्याच सेकंदांत आपले काम करते. अडवायचे असेल तर तिथेच अडवावे लागते. एकदा चाके फिरू लागली, की मग सगळा भरवसा समोरून येणाऱ्याच्या नशिबावर.